साठ मीटर पदपथाचे अठरा महिने

आमच्या गल्लीतला पदपथ मार्च २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर शेजारच्या दोन गल्ल्यांतून विचारणा झाली, "तुम्ही नक्की काय केलंत? अर्ज कुठे मिळतो? पैसे कोणाच्या हातात येतात?" प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून वहीतल्या तारखा समोर ठेवून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी पैशांचा प्रश्न. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे. आपल्या भागात कोणतं छोटं काम हवं ते रहिवाशांनी सुचवायचं, आणि ते मान्य झालं तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्या कामासाठी वेगळी तरतूद होते. ही कल्पना मुळात ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातली, १९८९ सालची. पैसे रहिवाशांच्या हातात कधीच येत नाहीत. काम महापालिका निविदा काढून करते, एका कामाला पाच लाखांची मर्यादा असते. आपल्या हातात असतं ते काम निवडणं, ते नीट मांडणं आणि शेवटपर्यंत त्याच्या मागे राहणं. मला वाटलं होतं, अर्ज दिला की आपलं काम संपलं. ते तिथे सुरू होतं.

आमचा भाग पुण्याच्या पश्चिमेकडचा, जुन्या तीन मजली सोसायट्यांचा. माझ्या सासूबाई त्या वेळी ७९ वर्षांच्या होत्या. दर गुरुवारी त्या चालत भजनाला जायच्या. २०२३ च्या उन्हाळ्यापासून त्यांनी जाणं बंद केलं. गुडघे दुखतात असं सांगायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर चालले तेव्हा लक्षात आलं की त्या पदपथावर चढूच शकत नव्हत्या. पदपथ इतका उंच, की प्रत्येक फाटकापाशी उतरायचं आणि पुन्हा चढायचं. मग त्या रस्त्यावरून चालायच्या आणि मागून गाडीचा हॉर्न वाजला की जागच्या जागी थिजायच्या. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या काकांनी वर्तमानपत्रातलं निवेदन दाखवलं, की नागरिकांकडून कामं मागवली आहेत. १३ ऑगस्टला, रविवारी सकाळी, आम्ही चौघं टेप घेऊन खाली उतरलो. दर पाच मीटरवर पदपथाची उंची आणि मोकळी रुंदी मोजली आणि वहीत लिहिली. सरासरी उंची २७ सेंटिमीटर निघाली, एका जागी ३१. चालायला मोकळी जागा काही ठिकाणी जेमतेम ७० सेंटिमीटर. पदपथांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेविषयक संस्थेची मानकं आहेत, त्यांनुसार उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि निवासी भागात मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी. पुण्याचं स्वतःचं पादचारी धोरणही २०१६ पासून आहे. हे आकडे आम्ही अर्जाला जोडले. सगळ्यांत जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर या एका तक्त्याचा. "पदपथ खराब आहे" या वाक्यावर वाद घालता येतो. "विजेच्या खांबाजवळ उंची ३१ सेंटिमीटर" यावर घालता येत नाही.

एक गोष्ट आम्ही मोजली नाही, ती पुढे सांगते.

२० ऑगस्टला गच्चीवर बैठक घेतली. मला वाटलं होतं, अर्ध्या तासात सगळे होकार देतील आणि सह्या करून घरी जातील. बैठक अडीच तास चालली. पदपथाला कोणाचाच विरोध नव्हता, विरोध बाकाला होता. गल्लीच्या वळणावर एक बाक असावं असं आम्ही कच्च्या आराखड्यात लिहिलं होतं, कारण म्हाताऱ्या माणसांना मधे टेकायला जागा लागते. त्या वळणासमोरच्या काकू ठाम होत्या. "रात्री अकरा-बारापर्यंत मुलं बसतील. माझ्या खिडकीखाली. तुम्ही येऊन उठवणार आहात का?" कोणीतरी म्हणालं, मग बाक पुढे घेऊ. पुढच्या सोसायटीचे आजोबा म्हणाले, "आमच्या दारात नको." चांगली गोष्ट सगळ्यांना हवी होती, पण स्वतःच्या खिडकीखाली नको. मला त्या क्षणी राग आला होता. घरी आल्यावर वाटलं, काकू एकट्या राहतात, त्यांची भीती खोटी नाही.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना घेऊन काकूंकडे गेले. दोघी तासभर बोलल्या, त्यातलं पदपथाबद्दल फार थोडं होतं. शेवटी काकूच म्हणाल्या, बाक खिडकीपासून दहा-बारा पावलं पलीकडे, झाडाखाली घ्या, आणि लांबलचक नको, दोघांपुरतं, मधे हाताला टेकण असलेलं करा. तसंच अर्जात लिहिलं. पहिली सही त्यांनीच केली. एकूण ६४ सह्या झाल्या. बैठकीत जो विरोध करतो त्याच्या घरी जाऊन बोला, गटावर संदेश टाकून हे होत नाही.

२८ ऑगस्टला क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला. सोबत मोजमापाचा तक्ता, १८ रंगीत फोटो, हाताने काढलेला नकाशा आणि सह्यांची पानं. फोटोंच्या मागे जागा आणि तारीख लिहिली होती. अर्जाची दुसरी प्रत बरोबर न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पुढच्या दीड वर्षात मला तो क्रमांक किती वेळा लागला, याची गणती नाही. मी तो फोनमध्ये ठेवला होता आणि शेवटी पाठच झाला.

१२ ऑक्टोबरला कनिष्ठ अभियंता पाहणीला आले. तरुण होते, नीट बोलले, आमचा तक्ता त्यांनी दोनदा पाहिला आणि स्वतःच्या टेपने तीन जागा मोजून खात्री करून घेतली. मग आम्ही न मोजलेली गोष्ट त्यांनी दाखवली. आम्ही अर्जात धरलेल्या ८५ मीटरपैकी २५ मीटरचा तुकडा रस्त्याच्या जागेत नव्हताच. तो एका सोसायटीच्या समोरच्या मोकळ्या जागेत येत होता, म्हणजे खासगी मालकीचा. वर्षानुवर्षं सगळे त्यावरून चालत आले म्हणून आम्ही तो सार्वजनिक धरला होता. तिथे सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही. चूक आमची होती. त्या सोसायटीच्या अध्यक्षांना आधीच विचारलं असतं तर त्यांच्याकडच्या मंजूर नकाशावर हे पाच मिनिटांत कळलं असतं. म्हणून अर्ज करण्याआधी जागा कोणाची आहे ते पाहा. उरले साठ मीटर.

त्याच दिवशी कनिष्ठ अभियंता एक वाक्य बोलले, त्याचं मोल मला खूप नंतर कळलं. म्हणाले, "मॅडम, कामाचं नाव नीट लिहा. अंदाजपत्रकात जे नाव छापून येईल, तेवढंच आम्हाला करता येतं."

आमच्या अर्जात "गल्लीतील पदपथ सुधारणे" असं लिहिलं होतं. सुधारणे म्हणजे काय? नुसते ब्लॉक बदलले तरी सुधारणा झालीच. उंची कमी करणं त्यात येतं का? उतार येतो का? बाक? घरी येऊन दोन तास खपून नाव लिहिलं, तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या खुणा घालून: "पदपथाची उंची कमी करून पेव्हर ब्लॉक बसवणे, फाटकांपाशी व दोन्ही टोकांना उतार करणे व एक बाक बसवणे". लांबलचक, कानाला खटकणारं नाव. पुढे कंत्राटदाराशी वाद झाला तेव्हा नावातला "उतार" हा शब्द कामी आला, पण एकटा पुरला नाही. गल्लीत रस्त्याचा दिवाही हवा होता, तो मात्र यात घालता आला नाही. तो विद्युत विभागाचा विषय, त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी तरतूद लागते. एका अर्जात पदपथ, दिवा आणि कचराकुंडी घालायचा मोह टाळा.

१७ नोव्हेंबरला सुधारित पत्र दिलं आणि मग वाट पाहणं सुरू झालं. एरवी अशा कामांची यादी प्रभाग समितीपुढे जाते, तिथे नगरसेवक असतात. पण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती आणि प्रशासक कारभार पाहत होते. म्हणजे ज्यांच्या घरी जाऊन विचारावं असं निवडून आलेलं माणूस कोणी नव्हतं. महिन्यातून एकदा आवक क्रमांक घेऊन जायचं, शांतपणे विचारायचं, जे उत्तर मिळेल ते तारखेसह लिहून घ्यायचं, एवढंच मी करत होते. हा हिवाळा मला सगळ्यांत जड गेला. काही बिघडलं नव्हतं, पण काही घडतही नव्हतं. गटावर लोक विचारायचे, "काय झालं हो?" आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. जानेवारीत मी ठरवलं, काही नवीन नसलं तरी दर पंधरा तारखेला दोन ओळी टाकायच्या: कोणाला भेटले, काय म्हणाले. त्यानंतर विचारणारे थांबले आणि बरोबर येणारे वाढले.

७ मार्च २०२४ ला आयुक्तांनी २०२४-२५ चं ११ हजार ६०१ कोटींचं अंदाजपत्रक मांडलं. त्यात आपली ओळ आहे का ते शोधायला माझे चार दिवस गेले. नागरिकांनी सुचवलेल्या कामांची यादी प्रभागवार असते, अक्षर बारीक. ११ तारखेला रात्री ओळ सापडली. नाव थोडं आखडलं होतं, पण उंची, उतार आणि बाक हे तिन्ही शब्द शाबूत होते. पुढे तरतूद, पाच लाख. मी सासूबाईंना उठवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "आपल्या गल्लीचं नाव छापून आलंय."

पाच दिवसांनी, १६ मार्चला, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत प्रत्यक्ष सुरू झालेलं काम चालू राहतं, नवीन काम सुरू करता येत नाही. पुण्याचं मतदान १३ मे रोजी झालं, निकाल ४ जूनला. मधल्या काळात आम्ही काहीच करू शकत नव्हतो आणि हे मान्य करायला मला वेळ लागला. निवडणुकीच्या वर्षात तुमचं काम मंजूर झालं असेल तर हे महिने आधीच हिशेबात धरा, म्हणजे जीव जळणार नाही.

पालख्या ३० जूनला शहरात आल्या. त्या पुढे गेल्यावर जुलैच्या मध्यावर पूर्वगणनपत्रक, म्हणजे सगळे ज्याला इस्टिमेट म्हणतात ते, तयार झालं. रक्कम ४ लाख ७१ हजार, जीएसटी धरून. त्यात नक्की काय काय आहे हे काम सुरू होण्याआधी समजून घ्यायचं होतं, म्हणून २२ जुलैला माहिती अधिकाराचा अर्ज दिला. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, आम्हाला २३ व्या दिवशी उत्तर आलं. १४ पानांच्या प्रतींचे प्रत्येकी दोन रुपयांप्रमाणे २८ रुपये भरले. हा अर्ज तक्रारीचा नसतो, हे कार्यालयात जाऊन आधीच सांगितलं होतं: "काम चांगलं व्हावं म्हणून कागद समजून घ्यायचे आहेत." त्याने वातावरण बिघडलं नाही.

त्या १४ पानांनी मला बरंच शिकवलं. खोदाई किती, खडीचा थर किती जाड, ब्लॉकची जाडी किती, कर्ब, म्हणजे पदपथाची कड, कोणत्या काँक्रीटचा, प्रत्येकाचं परिमाण आणि दर. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर, म्हणजे बांधकामावर देखरेख करणारे, काका दोन संध्याकाळी आमच्याकडे बसले आणि एकेक ओळ समजावून सांगितली. तुमच्या आसपास असं कोणीतरी नक्की असेल. त्यांना आधीच सामील करून घ्या, आम्ही उशिरा घेतलं.

ऑगस्टमध्ये दिव्यासाठी वेगळा अर्ज दिला. गणपतीनंतर निविदा निघाली, सगळ्यांत कमी दर अंदाजित रकमेपेक्षा १४ टक्क्यांनी खाली आला. लोक याला बिलो टेंडर म्हणतात. उरलेले पैसे गल्लीकडे येत नाहीत, आणि इतक्या कमी पैशांत हा माणूस खडी पुरेशी घालेल का, ही चिंता वेगळीच. कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचा आदेश, निघायच्या आत, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. त्या संध्याकाळी मला खरोखर रडू आलं. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, तोवर काम होऊन बिल गेलं नाही तर तरतूद हातची जाते, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मतदान २० नोव्हेंबरला झालं, निकाल २३ ला. ११ डिसेंबरला कार्यादेश निघाला.

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी आठला पहारीचा आवाज आला आणि खिडक्यांमधून माणसं डोकावली. आम्ही पाळ्या लावल्या होत्या: सकाळी दोघं, दुपारी एक. कामगारांवर पाळत ठेवायला नाही, त्यांना पाणी, चहा, वीज देता यावी आणि काही वेगळं दिसलं तर फोन करता यावा म्हणून. दारासमोर गाड्या लावू नका ही विनंती करायलाही माणूस लागतोच.

पाचव्या दिवशी ओव्हरसियर काकांच्या लक्षात आलं की एका टोकाला खडी पसरून धुम्मस न करताच, म्हणजे ती ठोकून घट्ट न करताच, वर ग्रिट, म्हणजे बारीक खडी, टाकून ब्लॉक लावायला घेतले आहेत. पाय दिला की ब्लॉक हलत होता. मुकादम म्हणाला, "बसतंय हो आपोआप." काकांनी वाद घातला नाही. त्यांनी फोटो काढला, टेप लावून थराची जाडी दाखवणारा दुसरा काढला, आणि कनिष्ठ अभियंत्यांना फोन केला. ते दुपारी आले, आठ मीटरचे ब्लॉक उचलायला लावले, थर धुमसून घेतला. संध्याकाळी आम्ही मुकादमालाही चहाला बोलावलं. पुढचे दोन आठवडे त्याच्याबरोबरच काढायचे होते.

खरा वाद उताराचा झाला. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा असावा लागतो. पंधरा सेंटिमीटर उंची असेल तर उताराची लांबी १८० सेंटिमीटर. केलेला उतार ६० सेंटिमीटरचा होता. दिसायला छान, चढायला अशक्य. कंत्राटदार म्हणाला, नावात फक्त "उतार करणे" आहे, किती ते कुठे लिहिलंय? मी १४ पानांतलं नववं पान पुढे केलं. तिथे उताराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये होतं, आणि ६० सेंटिमीटरच्या उताराने ते भरतच नव्हतं. दोन्ही टोकांचे उतार तोडून पुन्हा झाले. चार दिवस जास्त लागले. कामाच्या नावात "एकास बारा" हे दोन शब्द घातले असते तर तेही लागले नसते. तुम्ही घाला.

काँक्रीट ओतल्यावर किमान सात दिवस ओलं ठेवावं लागतं. टँकर एकदाच आला. त्या संध्याकाळी कोणी न सांगता लोक खाली उतरले, कोणाच्या हातात नळी, कोणाकडे बादली, शाळेतली मुलं मगाने पाणी घालत होती. ज्या काकूंनी बाकाला विरोध केला होता, त्या पोतं भिजवून कर्बवर पसरत होत्या. आठवडाभर रोज संध्याकाळी हे चाललं. या गल्लीत मी २६ वर्षं राहते, तरी इतकी माणसं एका वेळी खाली उभी असलेली मी गणपतीखेरीज पाहिली नव्हती.

बाक १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी आलं आणि दोन दिवसांनी बसवलं, झाडाखाली, काकूंनी सांगितलेल्या जागी. ३ मार्चला अंतिम मोजमाप झालं. मोजमाप पुस्तकात नोंद होताना आम्ही हजर होतो. उंची १५ सेंटिमीटर, रुंदी १.८ मीटर, लांबी साठ. बिल महिनाअखेरीच्या आत गेलं. आमचा स्वतःचा अठरा महिन्यांचा खर्च, झेरॉक्स, फोटो, रिक्षा, कोर्ट फी, चहा मिळून २,३४० रुपये झाला. तो सहा घरांनी वाटून घेतला. हिशेब गटावर टाकला.

शेवटची एक गोष्ट विचारून ठेवा: दोषदायित्व कालावधी किती. म्हणजे काम झाल्यावर किती काळ दुरुस्ती कंत्राटदाराने विनामूल्य करायची. हे करारात लिहिलेलं असतं आणि बहुतेक रहिवाशांना माहीत नसतं. आम्हाला त्याची गरज लवकरच पडली. २०२५ मध्ये पाऊस फार आधी आला, २६ मे रोजी मान्सून पुण्यात होता. त्या आठवड्यात पूर्वेच्या टोकाला, चेंबरलगत, पाच-सहा ब्लॉक खचले. फोटो, तारीख, कार्यादेशाचा क्रमांक असं एका पानाचं पत्र २ जूनला दिलं. १२ जूनला तोच मुकादम दोन माणसं घेऊन आला, ब्लॉक उचलले, खाली भर घातली. जाताना त्याने स्वतःच दोन्ही पाय ठेवून उडी मारून दाखवली.

दिव्याचं काम या वर्षीच्या यादीत आहे, खांब अजून आलेला नाही. सासूबाई गुरुवारी भजनाला जातात, पण अंधार पडायच्या आत परततात. परतताना बाकावर टेकतात. काकू खिडकीतून बोलतात, कधी खाली येतात.